हँडब्रेक ओढताना बटण दाबावं की नाही? आणि गाडी गिअरमध्ये असेल तर हँडब्रेकची गरज असते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, बटण दाबून हँडब्रेक ओढला नाही तर दाते झिजतात, असं तुमचा मित्र म्हणतो ते खरं का? दुसरी, फर्स्टमध्ये टाकून उतरलं तर हँडब्रेक कशाला?

आधी बटणाचं. लिव्हरच्या बुडाशी दातेरी पट्टी असते आणि स्प्रिंगने तिच्यावर दाबून धरलेली एक छोटी खुंटी. लिव्हर वर येतो तशी खुंटी एकेका दात्यावरून सरकत पुढच्या खाचेत पडते, तोच तो कट्-कट् आवाज. बटण दाबलं की खुंटी उचलली जाते आणि आवाज बंद होतो. झीज थोडी वाचते हे मान्य, पण ते दाते याच कामासाठी केलेले असतात. त्यांच्या आधी केबल नाहीतर ब्रेकचे लाइनरच बदलायला येतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बटण दाबून ओढा असं स्पष्ट लिहिलं असेल तर तसं करा. नसेल तर मी म्हणेन, आवाज होऊ द्या.

कारण दाबून ओढण्यात एक खरा धोका आहे. बटण सोडताना खुंटी कधीकधी खाचेत न पडता दात्याच्या टोकावरच टेकते. लिव्हर वर दिसतो, तुम्ही निर्धास्त उतरता, आणि जरासा हादरा बसला की लिव्हर खाली घसरतो. दाबून ओढायची सवय सुटत नसेल तर निदान बटण सोडल्यावर लिव्हर हाताने किंचित खाली रेटून बघा, तो तिथेच अडकायला हवा.

शिवाय त्या आवाजातून ब्रेकची तब्येत कळते. पूर्ण ओढल्यावर किती कट्-कट् व्हायला हवेत हे मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांत ४ ते ८ च्या दरम्यान. आकडा हळूहळू वाढत चालला तर केबल सैल झाली आहे किंवा लाइनर झिजले आहेत. बटण दाबून ओढणाऱ्याला हे लिव्हर पार वर जाईपर्यंत कळत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे माझं मत ठाम आहे: गिअर आणि हँडब्रेक दोन्ही, सपाटीवरसुद्धा. गिअरमध्ये उभी असलेली गाडी इंजिनाच्या कॉम्प्रेशनवर अडलेली असते. सिलिंडरमधली हवा पिस्टनच्या रिंगांमधून हळूहळू निसटते, त्यामुळे तीव्र उतारावर गाडी थोडी थोडी सरकू शकते. एकट्या हँडब्रेकचंही तसंच. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या वाहननियमाप्रमाणे पूर्ण भरलेली कार २० टक्के चढ-उतारावर, म्हणजे ५ मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, नुसत्या पार्किंग ब्रेकवर थांबली पाहिजे. पण ही हमी ब्रेक नीट असतानाची. मागच्या चाकांना डिस्क ब्रेक असतील आणि लांब उतार उतरून तुम्ही तापलेल्या ब्रेकने गाडी लावली, तर डिस्क गार होताना किंचित आकसते आणि पकड ढिली पडते. लावताना पक्की वाटलेली गाडी काही वेळाने आपोआप सुटते ती अशी. अशा वेळी एक खटका जास्त ओढा.

मला हे इतकं तळमळीने सांगावंसं वाटतं, कारण सुटलेल्या गाडीत चालक नसतो. इंजिन बंद, हॉर्न वाजवायला कोणी नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाला ती येताना ऐकूही येत नाही.

क्रम असा ठेवा: पाय ब्रेकवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण ओढा, मग पाय उचला. गाडी जराशी हलून बसेल, बसू द्या. आता पुन्हा ब्रेक दाबून गिअर टाका, नाक चढाकडे असेल तर फर्स्ट, उताराकडे असेल तर रिव्हर्स. उतारावर पुढची चाकं फुटपाथच्या कडेकडे वळवून ठेवा, चढावर कडेपासून उलट.

ऑटोमॅटिकमध्ये हा क्रम जास्तच महत्त्वाचा. थेट पी (पार्क) मध्ये टाकून पाय उचलला की सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका लहानशा धातूच्या खिटीवर येतं. निघताना जो 'ठक्' आवाज आणि झटका जाणवतो, तो ती खिटी दाबातून सुटल्याचा. पी वर लोकांचा आंधळा विश्वास असतो. २०१६ मध्ये अँटन येल्चिन हा अभिनेता त्याच्याच घराच्या उतारावर मागे घरंगळलेली स्वतःची गाडी आणि फाटकाजवळचा विटांचा खांब यांच्यामध्ये चिरडून मरण पावला. त्या मॉडेलचा गिअर लिव्हर दर वेळी मधोमध परत येत असे, त्यामुळे पी पडला की नाही हे चालकांना नीट कळत नव्हतं, आणि त्याच्या मृत्यूच्या आधीच कंपनीने त्यासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या.

अपवाद एकच. गाडी दमट जागी कित्येक आठवडे उभी राहणार असेल, तर ड्रम ब्रेकचे शू (ड्रमला आतून दाबणारे लाइनर लावलेले भाग) गंजून चिकटतात. कडाक्याच्या थंडीत केबल गोठते. तेव्हा सपाट जागा बघून गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेकऐवजी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा.

निघताना लिव्हर तळापर्यंत खाली गेला का आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला का, हे बघा. अर्धवट सुटलेला हँडब्रेक मागचे ब्रेक जाळतो. आणि लिव्हर पूर्ण खाली असूनही दिवा तसाच राहिला तर गाडी पुढे काढू नका, कारण बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही हाच दिवा लागतो.