बहुतेक बोअर रिकामे जातात, मग भूगर्भ संशोधनाचा देशाला उपयोग काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देश वर्षानुवर्षं भूगर्भ सर्वेक्षणावर पैसा घालतो, खनिजासाठी मारलेल्या बहुतेक बोअरमध्ये, म्हणजे ड्रिलने पाडलेल्या खोल छिद्रांत, हाती काही लागत नाही, मग विकासाला त्याचा हातभार कसा काय लागतो? मी खनिजशोधात बावीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी ड्रिलिंगच्या कॅम्पवर, खडकाच्या नमुन्यांच्या पेट्यांसमोर उकिडवं बसून. त्यामुळे प्रश्न जिव्हाळ्याचा आहे आणि उत्तर जरा लांबणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खाण हे या कामाचं सगळ्यांना दिसणारं फळ. पण देशाला सर्वांत जास्त उपयोगी पडते ती पायाखाली काय आहे आणि काय नाही याची लेखी नोंद. खाण पन्नास वर्षांत संपते. नोंद नीट ठेवली तर पुढच्या पिढ्यांनाही पुरते, आणि ज्या कामासाठी ती केली त्याहून भलत्याच कामाला येते.

काम चालतं ते असं. आधी पायी फिरून नकाशा करायचा: कुठे कोणता खडक, कुठे भेग, थर कुठल्या बाजूला कललेत. मग ओढ्यांमधला गाळ गोळा करून त्यात कोणते धातू आहेत ते तपासायचं. विमानातून चुंबकीय मोजमाप घ्यायचं. इतकं करून जिथे संशय दाट होतो तिथेच ड्रिल लावायचं, कारण सगळ्यात महागडं काम ते. संशयाच्या हजार जागांमधून एखाद्या जागी खाण झाली तरी आमच्यात ते नशीब समजतात, आणि सापडल्यापासून पहिला धातू बाहेर पडेपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात.

ड्रिलमधून खडकाचा अखंड दांडा वर येतो, त्याला आम्ही कोअर म्हणतो. नेहमीच्या मापाचा घेतला तर पावणेपाच सेंटिमीटर जाडीचा. तो धुवायचा, तुटलेले तुकडे जुळवून पेटीत ओळीने लावायचे, मीटरच्या खुणा करायच्या आणि भिंग डोळ्याला लावून इंच इंच वाचत जायचं. पिवळा चमकणारा कण दिसला की नवख्याचा श्वास अडकतो. अशा वेळी सुईचं टोक त्या कणावर दाबून ओढायचं. सुई घसरली आणि कणाला काहीच झालं नाही तर तो पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक. ओरखडा पडून हिरवट काळी भुकटी सुटली तर तो चाल्कोपायराइट, म्हणजे त्यात तांबं आहे. टनभर खडकात पाच किलो तांबं असलं तरी मोठ्या उघड्या खाणीला ते परवडू शकतं, म्हणून असा एकेक कण मोजावा लागतो. नुसतं खनिज लिहून भागत नाही. भेगा किती, कोणत्या कोनात, दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे किती, ड्रिलमध्ये सोडलेलं पाणी वर परत आलं की मध्येच कुठे मुरलं, हे सगळं लिहायचं.

नंतर कोअर उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत राहतो, पुन्हा कधी कुणाला तपासायचा असेल म्हणून. हा नियम मोडला की काय होतं ते १९९७ मध्ये जगाने पाहिलं. इंडोनेशियातल्या बुसांग इथे प्रचंड सोनं सापडल्याचं ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात नमुन्यांमध्ये बाहेरून सोनं मिसळलेलं होतं, आणि बहुतेक कोअर पूर्णच दळून टाकल्यामुळे पडताळायला अर्धा भागही मागे उरला नव्हता. दुसऱ्यांनी जाऊन स्वतंत्र बोअर मारले तेव्हा बिंग फुटलं. हजारो गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले आणि त्यानंतर कॅनडाने खनिजसाठे जाहीर करण्याचे नियम कडक केले.

आता विकासाकडे येतो. आफ्रिकेतल्या बोट्स्वानाचं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्यात संशोधन, शोध आणि धोरण एकाच धाग्यात ओवलेलं दिसतं. १९५५ मध्ये मोटलाउत्से नदीच्या वाळूत तीन छोटे हिरे मिळाले. नदीत हिरे मिळाले की वरच्या अंगाला शोधत जायचं, हा साधा नियम. पण वर जावं तर नदी जिथे उगम पावते तिथपर्यंत हिऱ्यांचा खडक कुठेच नाही. बाकीच्यांनी नाद सोडला. डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीचे भूवैज्ञानिक गॅव्हिन लॅमॉन्ट यांनी मात्र एक जुना शोधनिबंध गांभीर्याने घेतला. भूवैज्ञानिक अ‍ॅलेक्स डु टॉइट यांनी १९३३ मध्ये लिहिलं होतं की त्या भागातलं भूकवच फार पूर्वी वर उचललं गेलं आहे. लॅमॉन्ट यांनी विचार केला, जमीन मधूनच उचलली गेली असेल तर नदीचा वरचा भाग तुटून गेला असणार, म्हणजे आज दिसतो तो तिचा मूळ उगम नव्हेच. त्यांनी शोध पाणलोटाच्या पलीकडे, पश्चिमेला नेला. १९६७ मध्ये ओरापा सापडलं. जगातल्या सर्वांत मोठ्या हिऱ्यांच्या खाणींपैकी ती एक आहे. ज्या लेखात हिऱ्यांच्या या खाणीचा मागमूस नव्हता, त्याच लेखाने तिथवर नेलं. म्हणून 'हे संशोधन कशाला, यातून काय निघणार?' असं कुणी विचारलं की मला ओरापा आठवतं.

याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, तो देश स्वतंत्र झाला होता आणि जगातल्या अगदी गरीब देशांत मोडत होता. १९६७ च्या कायद्याने खनिजांवरचा हक्क जमातींकडून देशाकडे आला. ओरापाची जमीन राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीची, म्हणजे हा त्याग त्यांनी घरापासून सुरू केला. सुरुवातीला सरकारचा वाटा १५ टक्के होता. साठा केवढा आहे हे आकड्यांत हाती आल्यावर बोलणी पुन्हा झाली आणि १९७५ मध्ये तो ५० टक्क्यांवर गेला. त्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले. समोरच्याला आपल्या जमिनीची माहिती आपल्यापेक्षा जास्त असेल तर वाटाघाटीत आपली बाजू लंगडीच राहते.

नॉर्वेची गोष्ट वेगळी आहे. १९५८ मध्ये तिथल्या भूसर्वेक्षण संस्थेने सरकारला लेखी कळवलं होतं की नॉर्वेच्या किनाऱ्यालगत समुद्रतळाखाली तेल, कोळसा किंवा गंधक मिळण्याची शक्यता सोडून द्यायला हरकत नाही. पुढच्याच वर्षी हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनचा अवाढव्य वायूसाठा सापडला आणि उत्तर समुद्राखालच्या थरांकडे बघायची नजर बदलली. आमच्या शास्त्रातलं मत पुरावा आला की असं बदलावं लागतं, आणि त्यात कमीपणा नाही. १९६८ मध्ये फारूक अल-कासिम हे इराकी भूवैज्ञानिक आजारी मुलाच्या उपचारांसाठी ओस्लोला आले. तेलक्षेत्राचा अनुभव पाठीशी होता, म्हणून काम मागायला उद्योग मंत्रालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांकडे समुद्रातल्या बोअरच्या नोंदींचा ढीग पडला होता आणि तो वाचणारं माणूस हवं होतं. नोंदी वाचून इथे तेल असणार असं त्यांचं मत झालं. १९६९ मध्ये एकोफिस्क हे मोठं तेलक्षेत्र सापडलं. तेल काढणारी सरकारी कंपनी आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा १९७२ मध्ये वेगवेगळ्या उभ्या राहिल्या, त्या रचनेतही त्यांचा मोठा वाटा होता. रिकाम्या बोअरच्या नोंदी कुणी नीट ठेवल्या नसत्या तर त्यांनी काय वाचलं असतं?

खनिजाशी संबंध नसलेल्या कामात हेच ज्ञान माणसांचे जीव वाचवतं. इटलीतलं वायोंत धरण २६० मीटरहून उंच. धरणाचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याचाच मुलगा, एदोआर्दो सेमेंझा, भूवैज्ञानिक होता. जलाशयाच्या काठचा डोंगराचा भाग म्हणजे एक पुरातन भूस्खलन आहे आणि ते पुन्हा हलू शकतं, हे त्याने धरणात पाणी पूर्ण भरण्याआधीच दाखवून दिलं होतं. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री तो डोंगर मिनिटभरात जलाशयात उतरला. धरण जागच्या जागी उभं राहिलं, पण त्यावरून उसळलेल्या पाण्याने सुमारे २,००० माणसं गेली. काँक्रीटमध्ये खोट नव्हती. खडकाने सांगितलेलं मनावर घेतलं गेलं नाही.

बांगलादेशातही असंच. तळ्यानदीचं दूषित पाणी पिऊन मुलं दगावतात म्हणून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या, हेतू उत्तमच होता. पण उथळ गाळाच्या थरांतलं नैसर्गिक आर्सेनिक पाण्यात उतरत होतं, ते १९९३ मध्ये लक्षात आलं. देशभर सर्वेक्षण झाल्यावर कळलं की साधारण दीडशे मीटरपेक्षा खोल विहिरींचं पाणी बहुतांशी सुरक्षित आहे. पंपांना लाल आणि हिरवे रंग दिले गेले. कोणत्या खोलीवरचा गाळ कधीचा आणि कसा साचला, हा एरवी रूक्ष वाटणारा प्रश्न तिथे कोट्यवधी लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता.

खनिज सापडलं की भरभराट झालीच, असं मात्र समजू नका. नाउरू या चिमुकल्या बेटाने फॉस्फेट विकून एके काळी अफाट पैसा पाहिला. आज बेटाच्या मधल्या भागात चुनखडीचे सुळके उरलेत, निधीतला बराच पैसाही गैरव्यवहारात आणि फसलेल्या गुंतवणुकीत गेला. साठा किती वर्षं पुरेल, काढल्यावर मागे काय उरेल, टाकाऊ खडकातल्या गंधकामुळे ओढ्याचं पाणी आम्लधर्मी होईल का, एवढं आम्ही आधी सांगू शकतो आणि सांगायलाच हवं. ते ऐकून काय करायचं हे लोकांच्या आणि त्यांच्या प्रतिनिधींच्या हातात.

शेवटी माझ्याच एका रिकाम्या बोअरबद्दल. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आम्ही तांब्यासाठी १८० मीटर खोदलं. तांबं नावालाही नाही. ६२ मीटरला ड्रिलर ओरडला, "रिटर्न बंद!" म्हणजे वरून सोडलेलं पाणी परत येईना. ७१ मीटरपर्यंत तेच. कोअर कसला, मुठीएवढे गोटे आणि राखाडी चिकणमाती वर येत होती. वरिष्ठ म्हणाले, आटप, पुढच्या जागेवर जायचंय. मी मात्र दर तीन मीटरला किती पाणी मुरलं, गोटे किती, माती किती, सगळं लिहून काढलं. तेव्हा वाटलं नव्हतं की ते कुणी वाचेल.

अकरा वर्षांनी एका अनोळखी अभियंत्याचा फोन आला. पाणीपुरवठ्याच्या बोगद्याची आखणी त्या टेकडीखालून जात होती आणि जुन्या नोंदींत त्यांना माझा बोअर सापडला होता. पाणी एकदम गेलं की हळूहळू, असं त्यांनी विचारलं. मला आठवत नव्हतं, पण लिहिलं होतं एवढं नक्की माहीत होतं. कोअरच्या गोदामात जा, तेरा ते पंधरा नंबरच्या पेट्या उघडा, असं सांगितलं. पेट्या जागेवर होत्या, मातीसुद्धा पिशवीत तशीच होती. त्यांनी तिथे आणखी दोन बोअर मारून भेगेचा, म्हणजे चुरडलेल्या खडकाचा, पट्टा पक्का केला आणि तो टाळायला बोगद्याची रेघ चारशे मीटर बाजूला घेतली.