लहानपणीचं विचारलं तर पोरगी पुन्हा खचेल का?

मागच्या उन्हाळ्यात मनीषनगरकडून एक आई आल्या (ओळख पटेल असं सगळं बदललंय). मुलगी 16 वर्षांची. लहानपणी घरात दारू, मारहाण, सगळं बघितलेलं. आता एका संशोधनात बालपणीच्या आघातांवर मुलांशी बोलणार होते, फॉर्मवर आईची सही हवी होती. "मॅडम, मोठ्या मुश्किलीने सावरली हो ती, आता हे लोक पुन्हा उकरून काढून राहिले."

ही भीती मला खूप पालक सांगतात आणि ती खोटी नाहीये. काही मुलांना त्रास होतोच, रडू येतं, रात्री झोप लागत नाही. पण नुसतं विचारल्याने बहुतेक मुलं कोसळत नाहीत, उलट कोणीतरी नीट ऐकलं म्हणून बरं वाटलं असंही सांगतात. खरा घात होतो तो विचारून झाल्यावर पोराला तसंच घरी पाठवून देतात तेव्हा.

मी मुलीशी एकटीशी बोलले तर तिची भीती वेगळीच निघाली. शाळेत असाच एक फॉर्म भर वर्गात भरून घेतला होता, बाजूची मैत्रीण वाचत होती, म्हणून तिने सगळीकडे "नाही" लिहून टाकलं. आणि आता आईला उत्तरं कळतील का, ही धाकधूक.

मग आम्ही संशोधकांनाच फोन लावला. वेगळी खोली आहे का, प्रश्न सोडता येतो का, मधेच उठून गेली तर कोणी नाराज होणार नाही ना, रडली तर त्या वेळी तिथे कोण असेल, दुसऱ्या दिवशी फोन कोण करेल. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमांत 12 ते 18 वयाच्या मुलांची स्वतःची लेखी संमती लागते, आईची सही तेवढी पुरत नाही, हे मी आईंना दोनदा सांगितलं. आणि लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर पोक्सो कायद्याने कळवावंच लागतं, हे मुलीला आधी सांगा, बोलून झाल्यावर नाही, यावर मी अडूनच बसले. आधी "सगळं गुप्त राहील" म्हणायचं आणि मग पोलिसात जायचं, म्हणजे त्या पोरीचा मोठ्यांवरचा उरलासुरला विश्वासही गेला.

उत्तरं नीट मिळाली. तिने स्वतः हो म्हटलं, स्वतः सही केली. येताना ऑटोत थोडी रडली, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोबाईलमध्ये सेव्ह होता, पण गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला खरंच. दोन प्रश्न सोडले म्हणाली. कोणते, ते मी विचारलं नाही, आईंनाही सांगितलं, विचारू नका.