नील्स हॅन्सन यांनी सायबेरियातून काय आणलं आणि ते शेतात टिकलं का?

मुख्य गोष्ट म्हणजे पिवळ्या फुलांचा लसूणघास. डेन्मार्कमध्ये १८६६ साली जन्मलेले फळबागतज्ज्ञ हॅन्सन लहानपणीच अमेरिकेत आले, १८९५ पासून साउथ डकोटातल्या ब्रूकिंग्जच्या कॉलेजात शिकवू लागले. १८९७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने त्यांना रशिया, मध्य आशियातला तुर्किस्तान आणि सायबेरियात पाठवलं.

तिथला हा घास कडाक्याच्या थंडीतही जगतो, कारण फुटवे येणारा बुंधा जमिनीखाली असतो. नेहमीच्या जांभळ्या घासाचा बुंधा वर असल्याने तो गोठून मरतो. अडचण बियांची: शेंगा पिकताच फुटतात, बी सांडतं, शिवाय कापणीनंतर वाढ मंद. म्हणून जांभळ्याशी संकर केला गेला. थंडी सोसणाऱ्या पुढच्या अनेक वाणांत हे रक्त आहे.

त्यांचं फळझाडांवरचं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. प्रेअरीवरची (अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवरची) झुडपी सँड चेरी आणि जपानी वंशाचे प्लम यांच्या संकरातून १९०८ मध्ये ‘ओपाटा’ आणि ‘सापा’ हे वाण आले. लावणार असाल तर एकटं झुडूप लावू नका, फळ धरणार नाही. शेजारी सँड चेरी किंवा याच गटातला दुसरा वाण हवा. युरोपियन प्लमचे पराग चालत नाहीत.