‘माह्याच्यानं होत नाही’

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा, बीए झाला आहे. तलाठी, पोलीस, ग्रामसेवक सगळ्यांचे अर्ज मीच भरतो, फी मीच भरतो, हॉलतिकीट मीच काढून आणतो. रात्री मोबाइलही मीच ठेवून घेतो. तरी दोनदा तो परीक्षेला गेलाच नाही. म्हणतो, ‘माह्याच्यानं होत नाही.’ आत्मविश्वास वाढवणारा पुण्यातला क्लास सुचवा. अर्धा एकर विकायची तयारी आहे.
– एक वडील, दारव्हा तालुका, यवतमाळ

उत्तर : भाऊ, क्लास सुचवत नाही, आणि वावर तर मुळीच विकू नका.

पोराच्या हुकलेल्या दोन परीक्षांपेक्षा तुमच्या पत्रातला ‘मीच’ मला जास्त टोचला. अर्ज, फी, हॉलतिकीट, मोबाइल सगळं तुमच्याकडे. त्याच्या वाट्याला उरलं काय? फक्त नापास होणं. म्हणून त्या दिवशी त्याचा पाय घराबाहेर पडत नाही. कोरडवाहू शेतीत तुम्ही जे सोसलं ते त्यानं सोसू नये, ही तुमची तळमळ कळते. पण सांभाळता सांभाळता तुम्ही त्याचे हातच बांधलेत.

आधी आत्मविश्वास येतो, मग माणूस कामाला लागतो, हा समज चुकीचा आहे. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पाहिलं, की चुकवता न येणारे विजेचे झटके सोसलेली बरीच कुत्री, पुढे उडी मारून सुटता येत असतानाही, बसून राहिली. लाचारी शिकली जाते, असं तेव्हा मांडलं गेलं. २०१६ मध्ये त्याच दोघांनी ते उलटं केलं. सतत मार बसला की गप्प बसणं ही मेंदूची मुळातलीच प्रतिक्रिया. शिकावं लागतं ते ‘मी केलं तर फरक पडतो’ हे. आणि ते स्वतः करूनच कळतं, भाषणं ऐकून नाही.

म्हणून यंदाचा कापूस त्याला विकू द्या. ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी, स्लॉट, गाडी, सगळं त्यानं बघावं. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, १२ पर्यंत कपात, त्यावर सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, माल घेत नाही. तेव्हा वाळवायचा किती, हे त्यालाच ठरवावं लागेल. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरशी तोच बोलेल. सातबारा तुमचा, म्हणून चुकारा तुमच्या खात्यात येईल. विक्रीची पट्टी मात्र त्याच्या हातात असू द्या. क्विंटलमागे शंभर-दोनशे कमी आले तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. हे त्याच्यापेक्षा तुम्हाला जड जाणार आहे.

पोलीस भरतीला खुल्या प्रवर्गात २८ वर्षांची मर्यादा आहे, राज्यसेवेला ३८ ची. तलाठ्याला कोणतीही पदवी चालते. यातलं काय द्यायचं, की काहीच नाही, ते तो सांगेल. अर्जांचे पासवर्ड आजच त्याला द्या, आणि मोबाइलही.

जेवण-झोप तुटली असेल, जगण्यावरून मन उडाल्यासारखं बोलत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पुढचं पत्र त्याचं आलं तर मला आनंद होईल. तुम्ही बसवून लिहून घेऊ नका.