एसएसडी मंद वाटतेय? आधी पोर्ट बघा

लगेच नवी एसएसडी (संगणकात फाइल्स साठवणारी वेगवान ड्राइव्ह) मागवू नका. बऱ्याचदा दोष ड्राइव्हचा नसतोच.

महत्त्वाच्या फाइल्सची कॉपी दुसरीकडे ठेवा, ते पहिलं काम. मग क्रिस्टलडिस्कमार्क हे मोफत सॉफ्टवेअर चालवा आणि पहिल्या ओळीतला रीडचा आकडा बघा. साटा (ड्राइव्ह जोडायची जुनी, हळू पद्धत) एसएसडी सेकंदाला ५०० ते ५५० एमबी देत असेल, तर ती ठणठणीत आहे. ३५०० वगैरे आकडे एनव्हीएमई या नव्या, वेगवान पद्धतीच्या एसएसडीचे, ते साटाकडून मागू नका. (दोन्ही एम.२ या छोट्या पट्टीच्या आकारात मिळतात, नवखे हमखास इथेच फसतात.) आकडा २८० च्या आसपास अडकला असेल, तर केबल बहुधा मदरबोर्डवरच्या जुन्या, निम्म्या वेगाच्या साटा-२ पोर्टला लावलेली आहे. माझा अख्खा रविवार यात गेला होता. विंडोज पुन्हा टाकून झालं, शेवटी केबल शेजारच्या पोर्टात घातली आणि वेग दुप्पट!

पोर्ट बरोबर असेल तर:

- ड्राइव्ह गच्च भरलीय का? १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा.
- मोठी फाइल कॉपी करताना वेग मध्येच कोसळतो? स्वस्त ड्राइव्हमध्ये कॅशे (तात्पुरती वेगवान जागा) भरली की असं होतं. तो बिघाड नव्हे.
- बाहेरची डीफ्रॅगची (फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र करणारी) सॉफ्टवेअर नकोत, ड्राइव्ह उगाच झिजते. विंडोजचं स्वतःचं 'ऑप्टिमाइझ' मात्र चालू राहू द्या, ते एसएसडीला ट्रिम करतं, म्हणजे पुसलेल्या फाइल्सची जागा मोकळी झाल्याचं तिला कळवतं.

फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर), बायोस (मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) यांच्या वाटेला सध्या जाऊच नका. चाचणीचा आकडा आणि मदरबोर्डचं मॉडेल कळवा, मग पुढचं बघू.