नाणेवाल्यांची बोली

अरे, नाणी विकणाऱ्यांच्या यादीत 'यूएनसी', 'व्हीएफ' असे दर्जे वाचून गांगरू नकोस. यूएनसी म्हणजे अनसर्क्युलेटेड, चलनात न फिरलेलं नाणं. व्हीएफ म्हणजे व्हेरी फाइन: झिजलंय, पण ठळक तपशील शाबूत आहेत. विकणारा सहसा एक पायरी वरचीच सांगतो, तेव्हा भिंग खिशात ठेव.

खिशातल्या रुपयापासून सुरुवात कर. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका नोएडाचा आणि काहीच नसेल तर कोलकाता. यालाच मिंट मार्क म्हणतात.

खरी गंमत शिवराईत, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्यात. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे एखादं अक्षर कडेबाहेर जातं. त्याला 'ऑफ फ्लॅन' म्हणतात. अशा नाण्याला कुणी 'एरर', म्हणजे पाडताना चुकलेलं नाणं, म्हणून चढा भाव सांगितला तर हसून पुढे जा. हातानं ठोकलेल्या नाण्यांत ते नेहमीचंच. 'दुदांडी' म्हणजे अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली शिवराई.

आणि पॅटिना. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेली ती तपकिरी-हिरवट झाक. मी पहिली शिवराई देवाच्या तांब्यासारखी चिंच लावून लख्ख घासली आणि मोठ्या कौतुकानं एका जुन्या संग्राहकाला दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, परत माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "भांड्याबरोबर घासलीस का रे?"