ग्राहक-संवाद : वाण्याचा भाव, साखळी दुकानाचा भाव आणि पाकिटावरचा भाव

गेल्या अंकात आम्ही किराणा खरेदीविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच दिशेने आहे : मोठ्या साखळी दुकानांतील स्वस्ताईचे खरे स्वरूप काय? ग्राहकांइतकीच दुकानदारांचीही पत्रे आली, याचा विशेष आनंद वाटला. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमच्या गावात तीस वर्षांपासून आमचे किराणा दुकान आहे. तालुक्याच्या ठिकाणी एका साखळीचे मोठे दुकान सुरू झाल्यापासून गिऱ्हाईक विचारते की, तिथे साबण आणि चहा छापील किमतीपेक्षा कमी भावात मिळतो, मग तुम्ही पूर्ण किंमत का घेता? खरे सांगायचे तर त्या भावात आम्हाला वितरकाकडूनही माल मिळत नाही. असे विकणे कायद्यात बसते का?

उत्तर : बसते. वेष्टनावर छापलेली किंमत ही ‘कमाल किरकोळ किंमत’ असते. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेणे गुन्हा आहे. कमी घेण्याला मात्र कायद्याची आडकाठी नाही. खरेदीच्या भावापेक्षाही कमी भावात माल विकणे हा २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली गैरप्रकार ठरू शकतो, पण त्यासाठी विकणारी कंपनी त्या बाजारात वर्चस्वाच्या स्थितीत आहे आणि स्पर्धकांना हटवण्यासाठी तिने भाव पाडले आहेत, हे सिद्ध व्हावे लागते. साबणाच्या वडीवर चार रुपये सोडणे तेवढ्याने त्यात येत नाही.

तुमच्या प्रश्नाचा गाभा मात्र कायद्यापेक्षा हिशेबात आहे. तुमच्याकडे येणारा साबण कंपनीच्या गोदामातून वितरकाकडे आणि वितरकाच्या सेल्समनमार्फत तुमच्या फळीवर येतो. वितरकाचे चार-पाच टक्के त्यातच जातात आणि तुमच्या हाती नावाजलेल्या मालावर साधारण आठ ते बारा टक्के उरतात. त्यातून वीजबिल, उंदराने कुरतडलेली पाकिटे आणि बुडालेली उधारी भागवायची असते. साखळी दुकान थेट कंपनीकडून ट्रकभर माल उचलते. वितरकाचा वाटा वाचतो, शिवाय मोठ्या खरेदीची वेगळी सूट मिळते. त्यामुळे ज्या भावात तुम्ही माल विकत घेता, त्याच भावात विकूनही त्यांच्या हाती काही ना काही उरते.

डीमार्टचे उदाहरण घेऊ, कारण ही कंपनी २०१७ पासून शेअर बाजारात असल्याने तिचे ताळेबंद कोणालाही पाहता येतात. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवई येथे पहिले दुकान काढले आणि मार्च २०२५ अखेर दुकानांची संख्या ४१५ झाली. शंभर रुपयांच्या विक्रीत मालाची किंमत वजा जाता या कंपनीकडे साधारण पंधरा रुपये राहतात आणि सगळा खर्च व कर भागवून सुमारे पाच रुपये नफा उरतो. पंधरा रुपयांत एवढा डोलारा चालतो याची कारणे साधी आहेत. बहुतेक दुकानांच्या जागा स्वतःच्या किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरच्या आहेत, त्यामुळे दरमहा भाड्याचा बोजा फारसा नाही. पुरवठादारांचे पैसे रखडवले जात नाहीत, म्हणून पुरवठादारही भावात सवलत देतात. माल फळीवर फार दिवस पडून राहत नाही. आणि एक गोष्ट ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही : निम्म्याहून अधिक विक्री खाद्यपदार्थांची असली, तरी पाचव्या हिश्श्याहून थोडी अधिक विक्री कपडे, भांडी, डबे, चादरी अशा वस्तूंची असते आणि त्यांवरचा नफा तेल-साखरेपेक्षा बराच जास्त असतो. साबणावर सोडलेले चार रुपये पुढच्या रांगेतील प्लास्टिकच्या डब्यांवर भरून निघतात. तुमच्या दुकानात त्या डब्यांना जागाच नाही.

म्हणून गिऱ्हाइकाला संकोच न करता खरे सांगावे की, हा साबण मला याच भावात पडतो. मात्र महिन्याच्या शेवटी उधारीवर पाव किलो साखर देणारे, पाच रुपयांची शाम्पूची पुडी सुटी विकणारे आणि रात्री नऊ वाजता दार वाजवले तरी उठणारे दुकान गावात एकच आहे, हेही सांगावे. अलीकडे अनेक दुकानदार साखळी दुकानातूनच स्वस्त माल आणून फळीवर मांडतात. त्यात गैर काही नाही. फक्त तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल, तर तुमच्या जीएसटी क्रमांकाचे बिल मिळते का ते आधी विचारावे. तसे बिल नसेल, तर खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि स्वस्त वाटलेला माल महाग पडू शकतो.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते. पूर्वी तेलाची पिशवी एक लिटरची असायची. आता फळीवर एका शेजारी एक ७५० ग्रॅम, ८५० ग्रॅम, एक लिटर अशा पिशव्या असतात. सगळ्या दिसायला सारख्याच आणि सगळ्यांवर सूट. नेमकी स्वस्त कोणती, हे कसे ओळखावे?

उत्तर : आपला प्रश्न वाचून मी स्वयंपाकघरातील तेलाच्या दोन पिशव्या टेबलावर शेजारी ठेवल्या. उंची सारखी, रुंदी सारखी, सूर्यफुलाचे चित्रसुद्धा सारखे. वजनाचा आकडा मात्र खालच्या शिवणीजवळ, बारीक अक्षरांत.

हे कशामुळे झाले, ते आधी पाहू. चहा, बिस्किटे, डाळी, मीठ, खाद्यतेल, साबण अशा वस्तू ठरावीक मापांतच पॅक केल्या पाहिजेत, असे बंधन वजनमापे नियमांत पूर्वी होते. काही वर्षांपूर्वी ते बंधन उठवले गेले आणि त्याच्या बदल्यात वेष्टनावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलीलिटर दर छापणे आवश्यक केले गेले. किलोपेक्षा किंवा लिटरपेक्षा मोठ्या पाकिटावर हा दर प्रति किलो अथवा प्रति लिटर असतो. कल्पना चांगली होती, पण व्यवहारात दोन अडचणी येतात. छापलेला दर कमाल किमतीवर काढलेला असतो, दुकानाने सूट देऊन लावलेल्या भावावर नाही. आणि लहान पाकिटावर तो ‘०.१७ रुपये प्रति ग्रॅम’ असा दोन दशांश स्थळांपर्यंतच असल्याने पैशांतला खरा फरक त्यात दबून जातो.

तेव्हा भागाकार आपणच करावा. खाद्यतेलाचे एक लिटर म्हणजे वजनाने सुमारे ९१० ग्रॅम, एवढे एक लक्षात ठेवले की पुढचे सोपे आहे. समजा, लिटरची पिशवी १५० रुपयांना आहे आणि ७५० ग्रॅमची १२८ रुपयांना. दुसरी बावीस रुपयांनी स्वस्त दिसते. शंभर ग्रॅमचा भाव काढला, तर पहिलीचा साधारण १६ रुपये ४८ पैसे येतो आणि दुसरीचा १७ रुपये ७ पैसे. म्हणजे लिटरभर तेलामागे पाच रुपयांहून अधिक जास्त मोजावे लागतात. ही लबाडी आहे असे कायदा म्हणणार नाही, कारण वजन छापलेले आहे. पण सवयीने हात पुढे करणाऱ्या गृहिणीच्या डोळ्यांना फसवण्यासाठीच ती पिशवी तशी बनवली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डाळींच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. २५ किलोपर्यंतच्या, पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ व पीठ यांवर १८ जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी लागतो. सुट्या मालावर तो नाही. वाण्याने पोत्यातून काढून आपल्यासमोर तोललेली तूरडाळ आणि साखळी दुकानाच्या शिक्क्याचे पाकीट यांची तुलना करताना हे ध्यानात असावे. अर्थात, सुटी डाळ घेताना ताटलीत पसरून खडे पाहायचे कष्ट आपले असतात.

प्रश्न : नाशिकला आम्ही निवृत्त मंडळी ‘बिग बझार’मध्ये ठरवून जात असू. इतकी गर्दी असणारे दुकान बंद कसे पडले? आज ज्यांच्यापुढे रांगा आहेत, त्यांचेही उद्या असेच होईल का?

उत्तर : गर्दी म्हणजे नफा नव्हे, हे किशोर बियाणी यांच्या या साखळीने दाखवून दिले. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘बिग बझार’ने भारतीय मध्यमवर्गाला ट्रॉली ढकलत किराणा घ्यायला शिकवले. २६ जानेवारीच्या ‘सबसे सस्ता दिन’ला उसळणारी गर्दी आपल्यालाही आठवत असेल. पण दुकाने प्रामुख्याने भाड्याच्या, मोक्याच्या जागांत होती आणि विस्तार कर्जावर झाला होता. २०२० च्या टाळेबंदीत विक्री थांबली, तरी भाडे आणि व्याज थांबले नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिलायन्सने २४,७१३ कोटी रुपयांना हा व्यवसाय घेण्याचे जाहीर केले. बियाणी यांच्या फ्यूचर समूहातील दुसऱ्या एका कंपनीत आधीच पैसे गुंतवलेल्या अ‍ॅमेझॉनने कराराचा भंग झाल्याचे सांगत त्याला हरकत घेतली. वाद सिंगापूरच्या लवादापासून आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला. दरम्यान भाडी थकली, अनेक जागांचे भाडेकरार रिलायन्सच्या नावे झाले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने त्या दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. कर्ज देणाऱ्या बँकांच्या विरोधामुळे एप्रिलमध्ये मूळ व्यवहार रद्द झाला आणि जुलैमध्ये ‘बिग बझार’ चालवणाऱ्या फ्यूचर रिटेल या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. यात सर्वाधिक होरपळले ते लहान पुरवठादार, ज्यांचा माल विकला गेला होता पण पैसे यायचे होते. त्यांच्याविषयी तेव्हा फार कमी लिहिले गेले, याची खंत मला आजही वाटते.

आजच्या साखळ्यांचे काय होईल, हे भाकीत मी करणार नाही. जागा कोणाची, कर्ज किती आणि पुरवठादाराला पैसे किती दिवसांत मिळतात, एवढे पाहिले तर आपल्यासारख्या जाणत्या ग्राहकाला अंदाज येईल.

प्रश्न : बिल करताना काउंटरवर पिशवीचे वेगळे पैसे लावतात. ते द्यावेच लागतात का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ‘बिग बझार’शी संबंधित प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये असा निर्णय दिला की, खरेदीपूर्वी स्पष्ट सूचना न देता पैसे भरण्याच्या वेळी पिशवीचे पैसे आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानात शिरतानाच तसा ठळक फलक नसेल, तर हरकत घ्यावी, बिल जपून ठेवावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. घरची कापडी पिशवी आत नेऊ देत नसतील, तर तेही तक्रारीत आवर्जून लिहावे.

प्रश्न : पुण्यातील एका पेठेत आईचे छोटे किराणा दुकान आहे. आता शेजारच्या इमारतीतली मुलेसुद्धा दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या अ‍ॅपवरून दूध-ब्रेड मागवतात. मोठ्या दुकानाने महिन्याची यादी नेली आणि अ‍ॅपने रोजचे किरकोळ गिऱ्हाईक नेले. आईने दुकान चालू ठेवावे का?

उत्तर : आपण परिस्थिती दोन वाक्यांत अचूक मांडली आहे. साखळी दुकाने आली तेव्हा पेठेतला वाणी तग धरून राहिला, कारण संध्याकाळी संपलेली कोथिंबीर किंवा पाहुणे आल्यावर लागणारी साखर त्याच्याकडेच होती. ब्लिंकिट, इन्स्टामार्ट, झेप्टो यांनी वस्तीतच, ग्राहकाला प्रवेश नसलेली छोटी गोदामे उभारून नेमके तेच गिऱ्हाईक गाठले. वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने २०२४ मध्ये याविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. तोटा सोसून भाव पाडले जात आहेत, असा त्यांचा आक्षेप आहे.

यावर सहकाराचा एक जुना मार्ग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत ‘अपना बाजार’ उभा राहिला. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीचे सभासद गट करून महिन्याचे सामान एकत्र मागवत आले. विशेष म्हणजे दमाणी यांनीही डीमार्टपूर्वी नेरूळला ‘अपना बाजार’ची एक शाखा चालवून पाहिली होती. एकत्र खरेदीचे बळ काय असते, हे ज्याला कळले तो पुढे गेला. पेठेतील आठ-दहा दुकानदारांनी मिळून मार्केट यार्डातून डाळ-तांदूळ उचलला, तर पोत्यामागे भाव निश्चित सुटतो, कारण भुसारात कंपनीने छापलेली किंमत नसते आणि घासाघीस चालते. नावाजलेल्या साबणाच्या आणि बिस्किटांच्या भावात मात्र आईंनी कोणाशी स्पर्धा करू नये. ती लढाई त्यांच्या हातात नाही.

दुकानाची जागा स्वतःची आहे का, हे आपण कळवलेले नाही. जागा स्वतःची असेल आणि आईंची उमेद असेल, तर सुटे धान्य, भाजणी, घरगुती मसाले, उपवासाचे पदार्थ यांचा वाटा वाढवून वर्षभर पाहावे. रोजच्या रोज कोणता माल किती गेला, एवढी एकच वही ठेवावी. जागा भाड्याची असेल आणि भाडे गल्ल्यातून निघत नसेल, तर आईंच्या साठवणीतून ते भरत राहू नये. वितरकांची देणी आधी चुकती करावीत, वहीतील उधारी सणाच्या निमित्ताने गोळा करावी आणि मगच पुढचा विचार करावा.